एकेक शेअर

फेब्रुवारी उजाडला की अमेरिकेतल्या आमच्या ईरी गावात दोन गोष्टी ठरलेल्या. तळ्यावरून बर्फ येतो आणि लोक कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्या दारात येतात. कोणी वर्षभराच्या पावत्या बुटांच्या खोक्यात भरून आणतो, कोणी बिस्किटांच्या डब्यात. एका बाईंनी तर एकदा गोठवलेली टर्की आणि बँकेची पत्रं एकाच पिशवीतून आणली होती. मी ती पत्रं रेडिएटरवर वाळत घातली आणि मगच त्यांचा टॅक्सचा रिटर्न भरला.

मी डॉटी फेहर. लाँड्री आणि डोनटचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात बसून लोकांचे रिटर्न भरून देते. एप्रिलच्या मध्याला मुदत संपेपर्यंत माझ्याशी कोणी गोड बोलण्याची अपेक्षा करू नये, आणि करतही नाही.

सगळ्यांत जाड कागद लेस्टर ग्रबोव्स्कीचे. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून हा माणूस निवृत्त झाला आणि घरात बसून फोनवर शेअर घ्यायला-विकायला लागला. तेही चिमूट चिमूट. ह्याचे दोन, त्याचे पाच. विकलेल्या प्रत्येक शेअरची एक ओळ: काय विकलं, कधी घेतलं होतं, कितीला घेतलं, कितीला गेलं. ब्रोकरकडून येणारं त्याचं वर्षाचं पत्रक हातात घेतलं की मनगट दुखायचं.

"लेस्टर, तू शेअर विकतोस की फुटाणे?" मी दरवर्षी विचारायची.

"हं," तो म्हणायचा.

एवढंच त्याचं बोलणं. त्याला काही विचारा, हं. आनंद झाला, हं. कारखान्यात त्याच्या पायावर लोखंडी पट्टी पडली होती तेव्हाही तो असंच काहीतरी म्हणाला असणार. नवीन कोणी भेटलं तर त्याला वाटे हा घुम्या आहे, रागीट आहे. तसं काही नव्हतं. शब्द त्याच्या घशाशी येऊन परत फिरायचे.

त्याची बायको व्हर्ना नेमकी उलटी. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. पोरांशी, पोरांच्या आयांशी, रस्त्यावर बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्यांशी, सगळ्यांशी बोलत बोलत ती घरी यायची आणि घरी हा बसलेला. तीन वर्षांपूर्वी ती घर सोडून तळ्याकाठच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. भांडण नाही, दुसरी बाई नाही, दारू नाही. मला तिने कारण सांगितलं होतं. तिची धाकटी बहीण गेली. दफन करून दोघं घरी आले. ही कोट न काढता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. लेस्टर दारात उभा राहिला, तिच्याकडे बघत राहिला, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन दाराची बिजागरी दुरुस्त करायला लागला.

"एक शब्द, डॉटी," ती म्हणाली होती. "एक शब्द बोलला असता तरी मी मरेपर्यंत त्याच घरात राहिले असते. काहीही चाललं असतं मला. 'थंडी आहे' म्हणाला असता तरी."

वेगळे राहायला लागले तरी रिटर्न ते एकत्रच भरायचे, दोघांची नावं एका कागदावर. विचारलं की दोघंही सांगायचे, एकत्र भरला की कर कमी बसतो. खरंच बसतो. पण माझ्याकडे कर कमी बसवायला येणारी माणसं रोज येतात, त्यांचे चेहरे असे नसतात. व्हर्ना मंगळवारी यायची, लेस्टर गुरुवारी. शुक्रवारी मी दोघांचे कागद जुळवायची.

गेल्या वर्षी असेच जुळवताना मला एक गोष्ट दिसली. बाजार पडलेला होता. व्हर्नाने भाड्यासाठी काही शेअर तोट्यात विकले होते. रंगाच्या कंपनीचे विकले, तर दुसऱ्या दिवशी लेस्टरने तेच, तेवढेच घेतले. साबणाच्या कंपनीचे विकले, ते त्याच दुपारी ह्याने घेतले. आधी मला वाटलं योगायोग. मग मी पेन्सिल घेऊन दोघांची पत्रकं शेजारी ठेवली आणि कपाळावर हात मारला.

आमच्याकडे नियम असा आहे की शेअर तोट्यात विकला आणि त्याच्या आधी किंवा नंतर तीस दिवसांत तोच घेतला, तर तो तोटा धरता येत नाही. धुतला गेला म्हणतात. आणि नवऱ्याने घेतला काय नि बायकोने घेतला काय, एकच. ब्रोकरला हे कळत नाही, कारण खाती दोघांची वेगवेगळी. साध्या सौद्यांची सरकारला नुसती बेरीज दिली तरी चालते, पण असा धुतलेला प्रत्येक सौदा वेगळ्या ओळीत लिहून द्यावा लागतो. त्यासाठी दोघांच्या तारखा एकमेकांसमोर ठेवायला हव्या होत्या. मी दोघांना शनिवारी एकाच वेळी बोलावलं.

लेस्टर आधीच येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, भांग ओला, मांडीवर स्पंज कँडीचा डबा. व्हर्नाला ती काळ्या चॉकलेटमधली आवडते हे अख्ख्या गावाला माहीत आहे. थोड्या वेळाने ती बुटांचा बर्फ आपटत आत आली.

"काय गं डॉटी, काय एवढं अडलंय? तुरुंगात जातोय का आम्ही?"

"तुरुंगात नाही. पण तुझा तोटा जातोय." मी तिला दोन्ही पत्रकं दाखवली. "तू विकतेस, हा घेतो. पुन्हा तू विकतेस, पुन्हा हा घेतो. सरकारच्या लेखी नवराबायकोचा खिसा एकच. एका हाताने टाकलं, दुसऱ्या हाताने उचललं, मग तोटा झाला कुठे?"

व्हर्नाने चष्मा लावून नीट बघितलं. मग लेस्टरकडे वळली. "मी काय विकते ते तुला कसं कळतं?"

लेस्टर टेबलावरच्या साखरेच्या भांड्याकडे बघत होता. "ईमेल येतो."

"कुठला ईमेल?"

"आपला."

तेव्हा उलगडा झाला. आमच्या वयाच्या बऱ्याच जोडप्यांसारखा ह्यांचाही ईमेलचा पत्ता दोघांत मिळून एकच होता. घर सोडल्यावर व्हर्नाने स्वतःसाठी नवा काढला, पण ब्रोकरकडे जुनाच राहिला. तिने शेअर विकला की 'तुमचा शेअर विकला गेला' असं पत्र जुन्या पत्त्यावर जायचं, आणि तो पत्ता रोज उघडून बघणारा माणूस आता एकच होता.

"तू माझी पत्रं वाचतोस," व्हर्ना म्हणाली.

"आपला पत्ता आहे."

"बरं, वाचलंस. मग घेतोस कशाला? मी तोट्यात विकतेय ते दिसतंय तुला. डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी मुद्दाम स्टेपलरमध्ये पिना भरत बसले. मग लेस्टरने कँडीचा डबा तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "रंगाचे आपण घेतले होते. स्वयंपाकघर रंगवलं तेव्हा."

मी त्याला इतक्या वर्षांत सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. रविवारी चर्चहून आल्यावर ही दोघं पेपर पसरून बसायची हे मला ठाऊक होतं. जे घरात वापरायचं त्याच कंपनीचे शेअर घ्यायचे, असा त्यांचा नेम. दिवसा तो कारखान्यात असायचा म्हणून खरेदी तिच्या खात्यात. तिने विकलेलं एकेक म्हणजे त्यांचा एकेक रविवार होता, आणि हा माणूस ते गोळा करत होता.

व्हर्नाचा चेहरा मऊ झाला. मला वाटलं, झालं, सुटलं एकदाचं. ती हलकेच म्हणाली, "हे मला सांगायचं होतंस, लेस्टर. फोन आहे. जीभ आहे."

आता हा बोलेल म्हणून मीही श्वास रोखला.

"हं," लेस्टर म्हणाला.

मला त्याच्या डोक्यात स्टेपलर घालावासा वाटला. व्हर्ना खुर्चीत ताठ झाली. "उद्याच्या उद्या तो पत्ता बदलते," ती मला म्हणाली, त्याला नाही. "आणि वकिलाकडेही जाते. पुष्कळ झालं."

पण काम तर संपवायचं होतं. ती संपूर्ण दुपार आम्ही तारखा जुळवल्या. ती तिच्या पत्रकातली तारीख वाचायची, तो त्याच्यात शोधून बोट ठेवायचा. चष्मा घरी विसरला म्हणून त्याला वाकून बघावं लागत होतं, आणि दोघांची डोकी जवळजवळ टेकत होती. व्हर्ना फुरंगटलेली होती, तरी कँडी खात होती. एकेक करून तिचा तोटा आम्ही पुसत गेलो आणि लेस्टर एवढा सुखात होता की मला बघवेना. शेवटी सह्या झाल्या, तिची वर, त्याची खाली.

त्यांचा घटस्फोट सप्टेंबरात झाला. दोघांची संमती असेल तर आमच्या राज्यात कागद दिल्यावर तीन महिने थांबायचं आणि पुन्हा सही करायची, एवढंच. वाण्याच्या दुकानात सफरचंदांपाशी व्हर्नाने मला गाठून सांगितलं.

"केली का त्याने सही?"

"केली की. पेनाला टोपण लावून परत दिलं मला." ती सफरचंदं उलटीपालटी करून बघत होती, एकही पिशवीत टाकत नव्हती. "ते तीन महिने कायदा कशाला देतो, माहीत आहे? कोणीतरी म्हणावं म्हणून, की नको. मी रोज फोन उशाशी घेऊन झोपायची, डॉटी."

मी तिला चार सफरचंदं निवडून दिली.

या वर्षी मंगळवारी ती आली, आणि पिशवीतून तिने पत्रक काढलं ते इतकं जाड की मी म्हटलं, "अगं, चुकून लेस्टरचं आणलंस."

"माझंच आहे."

मी उघडलं. वकिलाने सांगितल्यामुळे सप्टेंबरपर्यंत तिने काहीच विकलं नव्हतं. पण त्यानंतर पानंच्या पानं. साबणाच्या कंपनीचा एक शेअर. दुसऱ्या दिवशी साबणाचाच एक. मग रंगाचा एक. मग रंगाचा एक. सगळे एकेक.

"हे काय आहे?" मी चिडले. "भाड्याला पैसे हवे होते तर एकदम विकायचे. एकेक शेअर कोण विकतं? नवरा परवडला, तो निदान दोन-दोन तरी विकायचा."

"हल्ली विकायला फी पडत नाही."

"तुला पडत नाही. माझे डोळे पडतात बाहेर."

"मग बेरीज करून टाक ना. यंदा तर काही धुतलेलं नाही."

ते बरोबर होतं. नवराबायकोचं नातं संपलं की तो नियमही संपतो. आता लेस्टरने हवं ते घ्यावं, हिच्या तोट्याला त्याचा स्पर्श होत नाही. मी तसं तिला सांगितलं. "म्हणजे फायदाच झाला माझा," ती म्हणाली आणि चष्मा काढून उगाच पुसायला लागली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "व्हर्ना, ब्रोकरकडचा पत्ता बदललास ना?"

ती पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

"व्हर्ना."

"राहून गेलं." पिशवीतून तिने रुमाल काढला, तो परत ठेवला. "सकाळी उठते, कॉफी करते आणि एक विकते. त्याला कळतं की मी उठले. बस, एवढंच. तू हसू नकोस."

मी हसत नव्हते. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि सकाळी उठल्याचं कळवायला मला कोणी नाही. तिचा त्या क्षणी मला फार हेवा वाटला आणि फार रागही आला.

"तो घेतो का गं ते?" तिने विचारलं. "मला तर काही कळायला मार्ग नाही. त्याचे ईमेल मला थोडेच येतात."

"ते मला सांगता येत नाही."

हेही नियमातच आहे. रिटर्न एकत्र होता तेव्हा दोघं मिळून माझं एक गिऱ्हाईक होते, एकाचं दुसऱ्याला सांगायला हरकत नव्हती. आता दोन गिऱ्हाइकं. एकाचं दुसऱ्याच्या कानावर घातलं तर माझा परवाना जाईल.

"माहीत आहे," ती म्हणाली. "उगाच विचारलं."

"आता किती उरलेत?"

"एक. डबाबंद सूपच्या कंपनीचा. नाताळापासून तसाच ठेवलाय."

"का?"

"तो विकला की संपलं, डॉटी. मग काय विकू? खुर्च्या?"

"फोन कर की त्याला. एवढा जीव तुटतोय तर."

"नाही." ती एकदम पूर्वीची व्हर्ना झाली, बसमधल्या पोरांना खाली बसवणारी. "लग्नापासून आजपर्यंत मीच बोलत आले. दोघांच्या वाटचं बोलले. आता पहिला शब्द त्याचा. नाहीतर मला कुणाचाच नको."

सही करून ती गेली. सहीची जागा आता एकच होती.

गुरुवारी लेस्टर आला. शर्ट इस्त्रीचा नव्हता. दाढी गालावर एका बाजूला राहून गेलेली. बर्फ वितळून कोटावरून टपकत होता तरी कोट काढायचं त्याला सुचलं नाही. त्याने पत्रक पुढे केलं आणि बाकीचीही सगळी पानं दिली, खरेदीची सुद्धा. खरेदी रिटर्नमध्ये लिहायची नसते, हे त्याला पंचवीस वेळा सांगितलंय. त्या पानांवर साबणाचा एक, साबणाचा एक, रंगाचा एक. मी ती झाकून ठेवली.

"किती धुतले?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

"मी घेतलेत."

"घेतले असशील. पण आता तू तिचा कोणी नाहीस, लेस्टर. कायद्याला तू दिसतच नाहीस."

हे बोलल्यावर मला माझी जीभ चावावीशी वाटली. मी कामाला लागले. त्याची विक्री यंदा थोडी होती. आधीचा तो फुटाण्यांचा धंदा त्याने बंदच केला होता. मी आकडे भरले, कागद छापले, सहीची जागा दाखवली. त्याने सही केली आणि पेन टेबलावर ठेवलं, पण उठला नाही.

"नाताळापासून काही आलं नाही," तो म्हणाला.

"काय आलं नाही?"

"ईमेल. सकाळी उघडतो. दुपारी उघडतो." त्याचे मोठाले हात टेबलावर होते आणि त्यांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. "बरी आहे ना ती?"

"दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मला काही सांगता येत नाही, तुला माहीत आहे."

"आजारी असेल. पडली असेल. त्या जिन्यावर बर्फ असतो."

अशी माझी स्थिती कधी झाली नव्हती. दोन दिवसांपूर्वी ज्या खुर्चीत ती बसली होती त्याच खुर्चीत हा बसला होता, आणि मी मध्ये मूग गिळून. माझा परवाना गेला तर मी खाऊ काय? पण ह्याचं तोंड बघून परवान्याची चीड आली, कायद्याची आली, आणि सगळ्यात जास्त ह्या दोघांची आली.

"हे बघ," मी म्हटलं. "माझ्या कॅलेंडरात मंगळवार आहेत. त्यातला एक मंगळवार दरवर्षी भरतो, तसा यंदाही भरला. मी कॅलेंडरबद्दल बोलतेय."

त्याने श्वास सोडला. "मग विकत का नाही?"

"एखाद्याकडचं संपत आलं की तो शेवटचं जपून ठेवतो. मी बिस्किटांबद्दल बोलतेय, लेस्टर."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोक्यात गोष्ट शिरायला त्याला वेळ लागतो, पण शिरली की आरपार जाते. त्याचे डोळे भरून आले. ते पुसायचे असतात हेही त्याला सुचलं नाही.

"माझ्याकडे आहेत," तो म्हणाला. "सगळे. एकही विकलेला नाही." मग खुर्ची पुढे ओढून त्याने मला रिटर्नचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "तिला परत दिले तर कर लागेल?"

"अरे मूर्खा, फोन कर तिला."

"फोनवर काय बोलू?"

तो वाद घालत नव्हता. खरोखर विचारत होता, परक्या गावात वाट विचारावी तसं. कोणीतरी ते वाक्य आपल्या हातात द्यावं, म्हणजे आपण ते नेऊन पोचवू, अशी त्याची तयारी होती. आणि मला सांगता येईना, कारण माझं वाक्य व्हर्नाला नकोच होतं.

मी चष्मा वर सरकवला आणि माझ्या कामाच्या आवाजात म्हणाले, "भेट म्हणून दिलेस तर कर नाही. पण एक आहे. पुढे ती विकेल तेव्हा तिला रिटर्नमध्ये दाखवावं लागेल की तो शेअर मुळात कधी आणि कितीला घेतला होता. ते तुझं तुला माहीत. तेव्हा ते तू तिला कळवायला हवंस. लिहून."

खरं सांगायचं तर हल्ली हे सगळं एक ब्रोकर दुसऱ्या ब्रोकरला आपोआप कळवतो. कोणाला बोटही हलवावं लागत नाही. ते मी त्याला सांगितलं नाही.

"सगळ्यांबद्दल?" लेस्टरने विचारलं.

"प्रत्येकाबद्दल. कधी घेतला, कितीला घेतला, आणि का घेतला."

"का, ते पण लागतं?"

"लागतं."

"सरकारला?"

"सरकारला काय काय लागतं ते मला विचारू नकोस. मी फक्त कागद भरते."

त्याने उठून कोट काढला, खुंटीला लावला आणि परत येऊन बसला. मी त्याला कोरे कागद दिले. पट्टी घेऊन त्याने उभ्या रेघा मारल्या, सरळ, कारखान्यातल्या माणसासारख्या. सप्टेंबरातला पहिला शेअर, साबणाचा. तारीख लिहिली. किंमत लिहिली. तिसऱ्या रकान्यापाशी येऊन त्याचा हात थांबला.

बाहेर पुढचं गिऱ्हाईक काचेवर टकटक करत होतं. मी दार उघडून त्याला शेजारी डोनट खाऊन यायला सांगितलं, आणि दोन कप कॉफी ओतून आणली. लेस्टर तसाच बसला होता. कान लाल झाले होते. मग एकदम, कोणी हिसकावून घेईल अशा घाईने, त्याने दोन शब्द लिहिले. मला उलटं वाचायची सवय आहे. 'तुझा होता.'

त्याने पेन ठेवून हात झटकला, कॉफीचा एक घोट घेतला आणि खालच्या ओळींकडे बघितलं. पान भरेल एवढ्या ओळी होत्या, आणि मागे आणखी पानं.

"डॉटी," तो म्हणाला, "खाली नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं तर चालेल?"

"नाही चालणार," मी म्हटलं.